सेकंड शिफ्टची गाणी

निघोजे
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय सुमनताई,

तुझा फोन लागतो, पण उचलतात ज्योतीरामकाका. दरवेळी म्हणतात, ती गिरणीत आहे, तुला पत्र लिहायला सांगितलंय. म्हणून लिहितेय. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

तुम्ही खोली सोडून औशाला गेलात, त्या खोलीत आता एक बिहारी कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत. पण भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत नाही आणि गाणंही येत नाही. लहानपणी तू तिकडून गायचीस आणि मी इकडून दुसरा आवाज धरायचे, तेव्हा अम्मी शिलाई थांबवून ऐकायची. तिला अजून तुझी आठवण येते.

आता माझं ऐक. डिप्लोमा झाला, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की मी बँडमध्ये गाते. गिटार मी वाजवते, ड्रम प्रज्वल वाजवतो, आणि दिव्या बेस वाजवते, म्हणजे जाड तारांची गिटार. तिघंही फर्स्ट शिफ्टचे. कंपनीतून सुटलो की प्रॅक्टिस, म्हणून बँडचं नाव 'सेकंड शिफ्ट'. पुनावळ्याला एका हॉटेलात शनिवारी गातो. आयटीवाले येतात, इंग्लिश गाणी मागतात. मी स्वतःही लिहिते, इंग्लिशमध्येच.

अब्बा म्हणतात, आधी पर्मनंट हो, मग काय गायचं ते गा. ते एकदाही ऐकायला आलेले नाहीत. गॅरेजमध्ये कुणी माझ्या गाण्याचा विषय काढला, की पाना मागतात.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. माझी तीन गाणी आहेत त्यात. तू काय म्हणतेस ते मला सगळ्यात आधी हवंय.

तुझी
इरम


औसा
९ मार्च २०२३

चि. इरम हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, कुणी मागे लागल्यासारखं. वाचून फार बरं वाटलं.

आमचं ठीक चाललंय. दिरांची पिठाची गिरणी आता हे आणि मी बघतो. दिवसभर पट्टा फिरत असतो, त्या गोंगाटात फोनवर काय बोलणार? म्हणून तुला पत्र लिहायला सांगितलं. राग मानू नकोस.

ह्यांनी तुझी गाणी टीव्हीला लावून दिली. फार गोड झालीत गं. आवाज पहिल्यापासून गोडच आहे तुझा. ऐकताना मन शांत होतं. अशीच गात राहा.

अन्वरभाईंना दोष देऊ नकोस. हे आणि मी, दोघंही कंपनीत कंत्राटावरच होतो, एका सकाळी गेटवर कार्ड चाललं नाही आणि संपलं. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. लेकीचं तसं होऊ नये एवढंच त्यांच्या मनात असणार.

वेळेवर जेवत जा. निलोफरभाभींना नमस्कार.

तुझी
सुमनताई


निघोजे
१८ जून २०२३

प्रिय ताई,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वाईट वाटू देऊ नकोस, पण त्या तीन गाण्यांत गोड एकही नाही. पहिल्यात मी शेवटी शेवटी अक्षरशः ओरडते. दुसरं ऐकून दिव्याच्या आईने विचारलं होतं, ही मुलगी भांडतेय कुणाशी? मन शांत व्हावं असं त्यात काहीच नाही. लहानपणी मी सूर सोडला की तू भिंतीवर लाटणं आपटायचीस. तू माझ्याशी कधी गोड बोललेली नाहीस गं. ऐकली नसशील तर तसं सांग. मला हे असलं बोलणं तुझ्याकडून नको होतं.

दुसरी बातमी. मी नोकरी सोडली. पर्मनंटच्या यादीत नाव होतं, तरी सोडली. दर शनिवारी सुट्टी मागायची, सुपरवायझरची बोलणी खायची आणि गाताना आवाज दमलेला, हे जमेना. अब्बा ओरडले नाहीत. ताटावरून उठले, आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

त्यात मुंबईच्या एका गृहस्थांनी पुनावळ्याला माझं गाणं ऐकलं. त्यांची गाणी काढायची कंपनी आहे. ते म्हणतात, बँड नको, तू एकटी ये. हिंदीत गा. नाव 'आयरा' ठेवू, लोकांच्या लक्षात राहतं. प्रज्वलला आणि दिव्याला अजून सांगितलेलं नाही. मी काय करू?

या वेळी खरं सांग.

इरम


लातूर पुणे एसटीतून
२७ नोव्हेंबर २०२३

प्रिय ताई,

गाडी हलतेय, अक्षर वाचता येईल का माहीत नाही. पण घरी पोचेपर्यंत दम निघणार नाही.

माझ्या जूनच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की नोकरी सोडली म्हणून तू अब्बांच्या बाजूची झालीस. लातूरच्या कॉलेजात कार्यक्रम मिळाला तेव्हा प्रज्वल म्हणाला, जवळच आहे तर जाऊन ये. म्हणून न कळवता आले.

तू मला बघितलंस त्याच्या आधी काय झालं, ते तुला माहीत नाही. गिरणी बंद होती. तू दाराकडे पाठ करून गहू पाखडत होतीस. मी हाक मारली. परत मारली, मोठ्याने. तू मान वळवली नाहीस. मला वाटलं, हिला माझं तोंडही बघायचं नाही. मी मागे फिरले आणि रिक्षाला हात केला. तेवढ्यात समोरून काका दुधाची पिशवी घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "तिला ऐकू येत नाही, इरम. तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलीये मला."

मग ते म्हणाले, समोर जाऊन उभी राहा. पुढचं तुला माहीत आहे.

ताई, मी तुझ्यावर रागावून परत गेले असते. मला का नाही सांगितलंस?

आणि जेवण झाल्यावर तू म्हणालीस, गाण्यात काय म्हणतेस ते कागदावर लिहून दे. मी इंग्लिशचं मराठी करायला बसले. पावसातला हायवे, सिगारेटचा धूर, अनोळखी शहर. तू वाचलंस आणि विचारलंस, "हे कुणाचं आहे?"

मी सिगारेट ओढत नाही. निघोज्यात मला सगळे ओळखतात.

हे चाकणवर आत्ता गाडीतच लिहिलंय. पहिल्यांदाच मराठीत.

चिमण्या आभाळाला धूर शिकवतात,
चंद्र ओव्हरटाइम करतो,
आणि मी गेटबाहेर
माझंच नाव शोधते.

कसं आहे? गोड म्हणू नकोस.

इरम


औसा
१५ डिसेंबर २०२३

लेकरा इरम,

का नाही सांगितलं विचारतेस. सांगते.

प्रेस शॉपमध्ये, मशीनखाली पत्रा दाबायच्या खात्यात, होते तेव्हाच सुरू झालं होतं. कानात घालायला बोळे द्यायचे, पण ते घातले की सुपरवायझरची हाक ऐकू यायची नाही, म्हणून कुणी घालत नव्हतं. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, दाराची कडी. इथे आल्यावर माणसांचे गेले. ऐकू येत नाही म्हटलं की लोक आपल्याशी ओरडून बोलतात, आणि थोड्या दिवसांनी बोलायचंच सोडतात. ह्यांच्याशी बोलून टाकतात, मी शेजारी बसलेली असते तरी. मला भीती वाटली, की तुला कळलं तर तू मला गाणी पाठवायची बंद करशील. म्हणून ह्यांना विचारलं, कशी आहेत? हे म्हणाले, जोरात आहेत. त्यावरून काय लिहायचं ते सुचेना, म्हणून गोड लिहिलं. जूनचं पत्र आलं तेव्हा पकडले गेले असं वाटलं आणि उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

मी अजून गाते बरं का. गिरणी चालू असली की गाते. सूर लागतो की नाही ते हे सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

आता तुझ्या ओळी. चिमण्या काढून टाक. चाकणला धुराची चिमणी कुठे बघितलीस तू? तिथे पत्र्याच्या शेड आहेत, कंटेनर आहेत आणि कंपनीच्या बसा आहेत. हे तू कुठेतरी वाचलेलं आहेस. चंद्र ओव्हरटाइम करतो ते ठेव, मला हसू आलं. शेवटचं 'माझंच नाव शोधते' दिसायला छान, पण कार्ड चाललं नाही म्हणून शोधतेस, की उगाच शोधतेस? खरं असेल ते लिही.

मुंबईच्या माणसाचं मी काय सांगणार? तू आता मोठी आहेस. एकच विचारते. मागून कुणी आयरा म्हणून हाक मारली, तर तू वळशील का?

शब्द पाठवत जा. ते मला ऐकू येतात.

तुझी
सुमनताई


निघोजे
२१ एप्रिल २०२४

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नाला उत्तर न देता मी मुंबईला गेले. म्हणून एवढे दिवस पत्र नाही.

माणूस वाईट नव्हता. राहायला जागा दिली, मोठ्या स्टुडिओत गायला लावलं. गाणं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, मी फक्त गायचं. ते आलं आणि चाललंही. चाकण चौकात मोबाइलच्या दुकानात लागलेलं मी स्वतः ऐकलं. काउंटरवरची मुलगी सोबत गुणगुणत होती. मला राहवलं नाही, मी म्हटलं, हे मी गायलंय. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "नाही ओ, ते आयराचं आहे."

तिचं काही चुकलं नव्हतं, ताई.

त्यांना लगेच तसलीच आणखी गाणी हवी होती. मी माझी दाखवली, मराठी. ते म्हणाले, छान आहेत, पण ही इरमची आहेत. कराराची मुदत संपली तेव्हा त्यांनी पुढचं बोलणं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. बॅग घेऊन घरी आले. अम्मीने पोहे केले, अब्बांनी पेपरमधून मान वर केली नाही.

प्रज्वलकडे जायला मला फार जड गेलं. जाताना मी त्याला नुसता मेसेज टाकून गेले होते. तो आता निघोज्याच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गेटवर उभी राहिले, तो सुटून आला, मी बोलायला सुरुवात केली. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "सॉरी नको. प्रॅक्टिस किती वाजता ते सांग." दिव्या मात्र पंधरवडाभर फोनच उचलत नव्हती. मग एके दिवशी बेस घेऊन आली आणि तारा लावत बसली.

आधीची प्रॅक्टिसची जागा गेली होती. पण नशीब बघ. अब्बांनी गॅरेजमागची शेड रिकामी केलीय. ऑइलचे डबे, जुने टायर, सगळं भंगार हलवलं, वायरिंग नवीन केलं, पंखा लावला. कुठला तरी नवा धंदा टाकणार आहेत म्हणे. तो अजून सुरू झालेला नाही, तोवर आम्ही तिथे वाजवतो. काही बोलत नाहीत. मी पण विचारत नाही, उगाच आठवण व्हायची.

नवीन ओळी:

खिडकी मिळत नाही मला,
दांडी मिळते धरायला,
मोईपर्यंत उभी राहते
कुणाच्या तरी झोपेला टेकून.

कंपनीच्या बसमध्ये मोई गाव येईपर्यंत शेजारची बाई उभ्या उभ्या झोपायची, तिचं गाणं आहे.

इरम


औसा
१४ मे २०२४

चि. इरम,

वेडी आहेस. रिकाम्या शेडला पंखा कोण लावतं?

गॅरेजवाला माणूस धंदा टाकणार असता तर आधी पाटी रंगवली असती. विचारू नकोस ते बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. बोलून दाखवलं तर त्यांना अवघडेल. संध्याकाळी चहाचा एक कप जास्त करत जा आणि शेडमधून गॅरेजमध्ये नेऊन दे. बस.

मुंबईचं झालं ते झालं. स्टुडिओत कसं गातात ते फुकट शिकून आलीस. प्रज्वल भला माणूस आहे. दिव्याला वेळ दे, ती तारा लावत होती म्हणजे राग उतरतच होता.

बसच्या ओळी वाचल्या आणि मला ती बाई दिसली. कुणाच्या तरी झोपेला टेकून. ह्यात मी काना-मात्रा हलवणार नाही. ह्यांना वाचून दाखवलं तर हे उठून बाहेर गेले. आल्यावर म्हणाले, मी पण तसाच झोपायचो.

मी लातूरला जाऊन कानाचं यंत्र लावून घेतलं. तुझ्या नादाला लागून. पण त्यात माणूस, कुत्रं आणि गिरणी एकाच आवाजात बोलतात. डॉक्टरीणबाई म्हणतात सवय होईल. समोर बसून कुणी हळू बोललं तर थोडं कळतं. बघू.

पुढचं गाणं पाठव.

तुझी
सुमनताई


निघोजे
५ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

अल्बम झाला. नाव 'मोईपर्यंत उभी'. सगळी गाणी शेडमध्येच रेकॉर्ड केली. पत्र्याला आतून जुन्या गाद्या लावल्या, तरी एका गाण्यात मागे टेम्पो चालू होतो, तो दिव्याने काढू दिला नाही. त्यातली निम्मी गाणी तू खोडून परत पाठवलेली आहेत. कितीदा तुझा राग आला ते सांगत नाही.

लोक ऐकतायत. फार नाही, पण ऐकणारे पुन्हा ऐकतायत. परवा कंपनीची बस गेटवर थांबली, आणि आतल्या मुलींनी खिडकीतून मला "इरम" म्हणून हाक मारली. मी वळले, ताई. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

कोल्हापूरहून आणि नाशिकहून बोलावणं आलंय. एका शाळेत आठवड्यातून काही दिवस गिटार शिकवते, घरात हातभार लागतो. गाण्यावर अजून पूर्ण भागत नाही. भागेल असं पहिल्यांदा वाटायला लागलंय.

आता मुद्द्याचं. येत्या १६ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, चिंचवडच्या एका छोट्या नाट्यगृहात आमचा कार्यक्रम आहे. तिकीट लावून, फक्त आमचाच. तू आणि काका या. तुला तिथे काही मिळणार नाही हे मला कळतं. यंत्रात नुसता कल्लोळ होईल. तरी ये. तू समोर असलीस तर मी चुकणार नाही, किंवा चुकले तर कळेल.

अब्बांना विचारलं. म्हणाले, रविवारी एका टेम्पोचा गिअरबॉक्स उघडायचाय. चहाचा कप रोज घेतात. पण शेडच्या दारात कधी येत नाहीत. मी आता त्यांना परत विचारणार नाही. दुखतं गं विचारताना.

तुझी
इरम


औसा
२० फेब्रुवारी २०२५

लाडके इरम,

सुखरूप पोचलो. ह्यांनी अजून अंगातला नवा शर्ट काढलेला नाही, गिरणीत तोच घालून बसलेत. निलोफरभाभींनी दिलेला शिरखुर्मा वाटेतच संपला.

त्या दिवशी गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते. तुझं गाणं मला ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू? पहिलंच गाणं सुरू झालं आणि यंत्रात सगळ्या प्रेस एकदम पडल्यासारखं झालं. मी ते काढून पर्समध्ये ठेवलं. तुला वाटलं असेल ताई कंटाळली. कंटाळले नाही. तू गाताना मान वर करून डोळे मिटतेस, तशीच लहानपणी भिंतीला टेकून गात असणार. इतकी वर्षं भिंत मध्ये होती, मी तुला गाताना कधी बघितलंच नव्हतं. रविवारी बघितलं. पोट भरलं.

मग मी लोकांकडे बघायला लागले. प्रेस शॉपमध्ये आम्ही सगळ्या एकमेकींच्या ओठांवरूनच बोलायचो, ते कसब अजून आहे. पुढच्या रांगेत त्या बसमधल्या मुली होत्या. त्यांना सगळे शब्द पाठ होते. बसचं गाणं आलं तेव्हा कडेची एक बाई, वयाने माझ्याएवढी, तोंडावर पदर धरून बसून राहिली.

आणि मागे वळले, तर दाराशी अन्वरभाई उभे.

तू सांगितलंस ना, ते आले नाहीत म्हणून? आले होते. तुझं दुसरं गाणं चालू असताना आले असावेत. गॅरेजच्याच कपड्यांत होते, हातही नीट धुतलेले नव्हते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. आणि त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं काही पुटपुटतायत. मग मी तुझ्या ओठांकडे बघितलं, परत त्यांच्याकडे बघितलं. एकच शब्द चालू होते, इरम. एकाही गाण्यात चुकले नाहीत. जी ओळ मी खोडली आणि तू हट्टाने परत घातलीस, तीसुद्धा त्यांना येत होती. रोज शेडपलीकडे बसून त्या माणसाने दुसरं काय ऐकलं असेल?

शेवटचं गाणं संपायच्या आत ते बाहेर पडले. मी ह्यांना तिथेच सोडून मागोमाग गेले. ते स्कूटरला किक मारत होते. मला बघून थांबले. त्यांचा आवाज मला कळणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ताई, इरमला सांगू नका."

आता तूच बघ. मी बहिरी बाई. मला काय ऐकू येणार?

तुझी
सुमनताई